‘कोणास काही एक न सांगता’ : बेपत्ता मुले, पंचनामा आणि कोकणचे गूढ

‘राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेला आहे.’ जिल्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर हे वाक्य मराठी वाचकाने असंख्य वेळा पाहिलेले असते. पुढे वर्णन येते: रंग गव्हाळ, बांधा मध्यम, केस काळे, अंगात अमुक रंगाचा शर्ट, मराठी व मालवणी बोलतो. शेवटी पोलीस ठाण्याचा दूरध्वनी. नाहीसे झालेले मूल अठरा वर्षांच्या आतले असेल तर वाक्य बदलते: ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले.’ नाहीशा होणाऱ्या माणसाबद्दल सरकारी मराठीकडे जवळजवळ एवढीच दोन वाक्ये आहेत. साहित्यकृती वाचावी तशी ही वाक्ये मला या लेखात वाचायची आहेत, आणि मग कोकणच्या गूढाबद्दल आपल्या वाङ्मयाने आणि चित्रपटांनी जे लिहिले-दाखवले त्याच्या शेजारी ठेवून पाहायची आहेत.

पहिल्या वाक्यात कर्ता आहे तो नाहीसा झालेला माणूस. तो गेला, आपल्या पायांनी गेला, आणि कोणाला सांगितले नाही हा दोषही त्याचाच. ‘कोणास काही एक न सांगता’ हे विधान वस्तुतः चौकशीचा निष्कर्ष असायला हवे. गावातल्या मित्राला, शाळेतल्या बाईंना, रापणीवर सोबत जाणाऱ्या मोठ्या पोराला विचारून झाल्यावरच ते म्हणता येईल. इथे मात्र ते चौकशीच्या आधी, तक्रार लिहितानाच येते. दुसऱ्या वाक्यात कर्ता बदलतो, पण तो दोनदा ‘अज्ञात’ आहे: इसम अज्ञात आणि कारणही अज्ञात. जे अज्ञात आहे त्याच्याविषयी ‘फूस लावली’ एवढे मात्र ज्ञात आहे.

हे दुसरे वाक्य असे का आले याला कारण आहे आणि ते चांगले आहे. बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला की, बेपत्ता मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवून तपास करायचा आणि अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली असे सुरुवातीलाच गृहीत धरायचे. तोवर मूल हरवले तरी बहुधा ‘मिसिंग’च्या नोंदवहीत एक ओळ पडे. त्या आदेशाने पोलिसांना हलावे लागले. परंतु भाषेच्या अंगाने पाहिले तर एका गृहीतकाच्या जागी दुसरे आले. सतरा वर्षे अकरा महिन्यांची मुलगी ‘पळवून नेली’ जाते, आणि दोन महिन्यांनी तीच मुलगी तशाच संध्याकाळी घराबाहेर पडली तर ‘कोणास काही एक न सांगता निघून जाते’. घटना एकच, वाक्ये दोन, आणि कुठले वापरायचे ते जन्मदाखल्यावरून ठरते.

आता तिसऱ्या एका मजकुराकडे वळतो. १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम १०८, जे आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम १११ झाले आहे, ते म्हणते की एखादी व्यक्ती जिवंत असती तर ज्यांना तिची खबर स्वाभाविकपणे लागली असती अशांना सात वर्षे ती लागली नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. म्हणजे जिवंत माणूस घरच्यांना कधी ना कधी कळवतोच, असा या कलमाचा विश्वास आहे. ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्या दिवशी शासन म्हणते, तो कोणाला न सांगता गेला. सात वर्षांनी कायदा म्हणतो, असता तर त्याने सांगितले असते. पन्नाशीच्या कर्त्या माणसाबाबत दुसरे वाक्य पटू शकते. घरच्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या, नापास झालेल्या, नको असलेल्या लग्नातून सुटू पाहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबाबत ते सर्वांत कमी पटते. किशोरवयीन मुलाचे मौन हा त्याच्या मृत्यूचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो त्याच्या घराबद्दलचा पुरावा असतो.

शिवाय हे गृहीतक मृत्यूपुरतेच आहे. तो केव्हा आणि कसा झाला याबद्दल ते काही सांगत नाही. २००४ साली आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले: मृत्यूची वेळ गृहीत धरता येत नाही, ती पुराव्यानेच शाबीत करावी लागते. सात वर्षे वाट पाहून घराला मिळते ते फक्त ‘आता नाही’ एवढे उत्तर. कुठे, कधी, कसे हे तीन प्रश्न तसेच राहतात.

हे प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजी कायद्याने कॉरोनर नावाचा अधिकारी निर्माण केला. मृत कोण, मरण केव्हा, कुठे आणि कसे आले, एवढेच त्याने शोधायचे. दोषी कोण हे ठरवायचे नाही. आपल्याकडे १८७१च्या कायद्याने तो कलकत्ता आणि मुंबई या शहरांपुरता होता, आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये ते पद रद्द केले. मालवण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात; इथल्या माणसाच्या वाट्याला कॉरोनर कधी आलाच नाही. इथे होता आणि आहे तो पंचनामा. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४, सांगते की पोलीस अधिकाऱ्याने प्रेत असेल तिथे जावे, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पाहणी करावी आणि मृत्यूचे दिसणारे कारण जखमांच्या वर्णनासह लिहावे. ‘दिसणारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. न्यायालयांनीही वेळोवेळी म्हटले आहे की या पंचनाम्याचा हेतू मर्यादित आहे. कोणी मारले हे त्यात लिहिणे अपेक्षित नाही.

कॉरोनर असता तर सगळे उजेडात आले असते, असेही नाही. २५ एप्रिल १८९१ रोजी मुंबईच्या राजाबाई मनोऱ्यावरून दोन पारशी मुली खाली पडून मेल्या. एक अर्देशीर गोदरेज यांची तरुण पत्नी बचुबाई, दुसरी पिरोजबाई, विशीही न गाठलेली. शहरात कॉरोनर होता, डॉक्टर होते, वर्तमानपत्रे होती, समाजाचा दबाव होता. ज्याच्यावर खटला चालला तो पुराव्याअभावी सुटला. त्या दोघींनी उडी मारली की त्यांना ढकलले, आणि उडी मारली तर कशापासून सुटण्यासाठी, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही इतका उघडा आहे की नेव्ह मार्च या लेखिकेने २०२० मध्ये त्यावर इंग्रजी रहस्यकादंबरी लिहिली. तरीही या प्रकरणात एक गोष्ट घडली. प्रश्न जाहीरपणे विचारला गेला, तो विचारणारा अधिकारी होता, आणि म्हणून प्रश्न टिकला. उत्तर न मिळणे आणि प्रश्नच न विचारला जाणे यांत हाच फरक आहे.

प्रश्न कसा बुजतो त्याचे उदाहरण आपल्या किनाऱ्याला लागूनच आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचे प्रेत सापडले. पहिली नोंद होती ती अपघाताने बुडाल्याची. समुद्रकिनारी सापडलेल्या प्रेताचे ‘दिसणारे कारण’ समुद्रच असणार, इतके ते सोपे होते. आईने हट्ट धरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करवले तेव्हा अंगावरच्या अनेक जखमा पुढे आल्या आणि खुनाचा तपास सुरू झाला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षे लागली, आणि त्यांतला मोठा वाटा पहिल्या दिवशी लिहिलेल्या एका शब्दाला खोडण्यात गेला. ती आई परदेशातून आलेली होती, तिच्यामागे तिकडची वर्तमानपत्रे होती. आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या आईला हा हट्ट परवडला असता का?

दुसरे उदाहरण उत्तर कोकणातले. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात जळालेले मानवी अवशेष मिळाले. नमुने घेतले गेले, पण अकस्मात मृत्यूची रीतसर नोंद झाली नाही. २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरण बाहेर आले तेव्हा तपास यंत्रणांनी हे अवशेष तिचे असल्याचे म्हटले. खटल्यात जे ठरायचे ते ठरेल. मला इथे एवढेच दिसते की एका शहरात तीन वर्षे दिसली नाही अशी तरुणी होती आणि एका गावात नाव नसलेले प्रेत होते, आणि या दोहोंना जोडणारा कागदच नव्हता. मिसिंगची नोंदवही प्रेत शोधत नाही आणि पंचनामा नाव शोधण्यापाशी थांबतो. मुलगी शीनापेक्षा गरीब घरची असती, तर तिसऱ्या वर्षीही काही कळले नसते.

आणि प्रेतच नसेल तर? १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. ती दुर्घटना डोळ्यांदेखत घडली, प्रेते मिळाली, पंचनामे झाले, धोकादायक किनाऱ्यांवरच्या फलकांची आणि जीवरक्षकांची चर्चा झाली. जो मुलगा एकटाच खडपात गेला आणि परत आला नाही, त्याच्यासाठी यांतले काहीच होत नाही. प्रेत नाही म्हणून पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणून कारण नाही, कारण नाही म्हणून फलकही नाही. मुंबईच्या जुन्या कॉरोनरचाही अधिकार प्रेत आपल्या हद्दीत असण्यावर अवलंबून होता.

इंग्लंडने ही अडचण ओळखली. तिथल्या २००९च्या कायद्यानुसार प्रेत नष्ट झाले, हरवले किंवा सापडले नाही, पण मृत्यू झाला असे मानायला आधार असेल, तर मुख्य कॉरोनरच्या परवानगीने चौकशी करता येते. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ बेपत्ता असलेल्यांच्या अशा चौकश्या नियमित होतात. क्वीन्सलंडमधल्या बोवेन या किनाऱ्यावरच्या लहान गावातली सोळा वर्षांची मुलगी २५ एप्रिल १९९८च्या संध्याकाळी सिनेमाला म्हणून गेली आणि परतली नाही. प्रेत कधीच मिळाले नाही. एका तरुणावर खटला झाला, शिक्षा झाली, फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. त्यानंतर कित्येक वर्षांनी कॉरोनरने साक्षी ऐकून २०१६ मध्ये निष्कर्ष दिला की ती मरण पावली आहे आणि तिच्या मृत्यूला तोच माणूस कारणीभूत आहे. हा निष्कर्ष शिक्षा देऊ शकत नाही. आईवडिलांना उत्तर मिळाले, पण न्यायालयाने सोडलेल्या माणसावर शिक्का बसला. प्रेताशिवाय चौकशी मागणाऱ्याने ही किंमत डोळ्यांआड करू नये. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे असा शिक्का जन्मभराचा असतो.

परंतु आपल्या गावांत चौकशी होतच नाही असे म्हणणे चूक ठरेल. ती होते, फक्त कचेरीत होत नाही. देवाला गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, आणि निर्णयही येतो. कोकणातल्या भुतांची नावे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. रानात वाट चुकवतो तो चकवा. मुंज झाल्यावर आणि सोडमुंजेआधी मेलेला मुलगा तो मुंजा. ही नावे म्हणजे मृत्यूच्या कारणांची यादीच आहे: बुडणे, वाट चुकणे, अकाली मरण. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या भुतांचे वर्गीकरण केले आहे, परंतु ती कॉरोनरच्या निवाड्याची जागा भरून काढतात याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘गिऱ्ह्याने नेला’ म्हटले की कोण, कुठे, कसा हे तिन्ही प्रश्न एका शब्दात मिटतात. घर सावरते. आणि त्या संध्याकाळी त्याच्यासोबत कोण होते, हे कोणी विचारत नाही.

इथे उतावीळ विवेकवादही कामाचा नाही. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात नऊ आठवड्यांची अझारिया चेंबरलेन तंबूतून नाहीशी झाली. रानकुत्र्याने नेली असे आई सांगत होती. लोकांना ती थाप वाटली. आईला खुनासाठी जन्मठेप झाली आणि तीन वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात राहिली. चौथ्या चौकशीनंतर २०१२ मध्ये कॉरोनरने नोंदवले की रानकुत्र्यानेच नेले होते. जी गोष्ट दंतकथेसारखी वाटत होती ती खरी निघाली आणि जी शास्त्रीय वाटत होती ती खोटी. म्हणून मच्छीमार जेव्हा म्हणतो की अमुक जागी गिऱ्हा आहे, तेव्हा हसण्याऐवजी तिथे ओहोटीचा ओढ कसा आहे, खडप कुठे संपते, हे विचारावे. त्या नावात पिढ्यांचे निरीक्षण असू शकते. चौकशीने दंतकथा फेटाळायची नसते, तिला साक्षीला बोलवायचे असते.

आता वाङ्मयाकडे. कोकणच्या गूढाला मराठीत सर्वांत समर्थपणे शब्द दिले ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी. १९६६च्या ‘कोंडुरा’त घर सोडून समुद्राकडे गेलेल्या माणसाला वर मिळतो आणि त्या वराने त्याचे जगणे उद्ध्वस्त होते. खानोलकरांच्या हाती गूढ हे जबाबदारीचे ओझे आहे: जे मिळाले त्याचा जाब द्यावा लागतो. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ लेखनात आणि पडद्यावरच्या कोकणात हे ओझे गळून गेले आणि नुसते धुके उरले. २०२४चा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ घ्या. त्याच्या मुळाशी १९५२ साली रानात झालेला एका कोवळ्या मुलाचा मृत्यू आहे, आणि बळी द्यायला नेलेली त्याची बहीण आहे. चित्रपट मनोरंजक आहे. पण तो मुलगा भूत झाल्याक्षणी त्याच्या मृत्यूविषयीची सगळी जिज्ञासा संपते. त्या बहिणीने पाहिले ते कोणी लिहून घेतले का, हा प्रश्न या कथाप्रकाराला पडूच शकत नाही.

समीक्षकांचाही यात वाटा आहे. ‘खुला शेवट’ हा आपण सहसा गुण मानतो. जोन लिंडसे यांच्या १९६७च्या ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’ या कादंबरीत शाळेच्या सहलीतल्या मुली नाहीशा होतात. उलगडा करणारे शेवटचे प्रकरण प्रकाशनापूर्वी काढले गेले आणि लेखिकेच्या निधनानंतर १९८७ मध्ये वेगळे छापले गेले. ते काढल्यानेच कादंबरी मोठी झाली असे बहुतेकांचे मत आहे, आणि माझेही आहे. कारण तिथे आपण वाचक आहोत. न कळण्याचा आनंद घेऊन पुस्तक मिटू शकतो. कॉरोनरच्या ‘खुल्या निर्णया’चा अर्थ नेमका उलटा: पुरावा पुरला नाही, काम अपुरे आहे, फाइल पुन्हा उघडता येईल. साहित्यातला खुला शेवट वाचकाला मोकळे करतो, चौकशीतला यंत्रणेला बांधून ठेवतो. या दोन खुलेपणांची गल्लत झाली की एखाद्याच्या मुलाचे नाहीसे होणे आपल्याला ‘काव्यमय’ वाटू लागते.

ही गल्लत टाळून कलेला काय करता येते याची दोन उदाहरणे देतो. शाजी करुण यांचा १९८८चा मल्याळी ‘पिरवी’ हा चित्रपट राजन प्रकरणाच्या सावलीत उभा आहे. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला हा विद्यार्थी १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी नेला, प्रेत कधीच मिळाले नाही. वडील ईच्चर वारियर यांनी १९७७ मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या प्रकरणात मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावे लागले. चित्रपटातला म्हातारा बाप पावसात रोज मुलाची वाट पाहतो. तो पाऊस, ते पाणी, ती लाल माती अगदी आपल्या कोकणातली वाटावी. पण दिग्दर्शक निसर्गाला गूढ होऊ देत नाही. बहीण शहरात जाते, कचेऱ्यांत विचारते, आणि प्रेक्षकाला कळते की मुलगा निसर्गाने नेलेला नाही. बापाच्या भ्रमाबद्दल करुणा आणि शासनाच्या खोटेपणाबद्दल स्पष्टता, दोन्ही एकत्र राहतात.

दुसरे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४च्या ‘कोर्ट’चे. मुंबईच्या गटारात सफाई कामगार मेला. सरकार म्हणते शाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येला प्रवृत्त केले. मग त्याची विधवा साक्षीला उभी राहते आणि साध्या शब्दांत सांगते की त्याला कसलीही साधने मिळत नसत, आत उतरण्याआधी तो खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाही. एकही अलंकार नसलेले ते उत्तर म्हणजे खरा पंचनामा आहे. मरण कसे आले, हे पोलिसांच्या कागदांना जमले नाही ते तिने चार वाक्यांत सांगितले, कारण कोणीतरी तिला प्रश्न विचारला.

सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्याला या सगळ्यातून काय घेता येईल? मुंबईतले रद्द झालेले पद परत आणा, अशी माझी मागणी नाही. मागणी लहान आहे. अठरा वर्षांच्या आतले मूल वर्षभर सापडले नाही, तर तालुक्याच्या ठिकाणी एका दंडाधिकाऱ्याने, प्रेत असो वा नसो, उघड बैठकीत साक्षी ऐकाव्यात: शेवटचे कोणी पाहिले, कुठे, किती वाजता, भरती होती की ओहोटी, घरात काय चालले होते, शाळेत काय झाले होते, जवळच्या ठाण्यांत बेवारस प्रेतांच्या कोणत्या नोंदी आहेत. दोष कोणाचा हे त्या बैठकीने ठरवू नये. बोवेनचा धडा तो आहे. मात्र आईचे म्हणणे, मित्राचे म्हणणे आणि ‘तिथे गिऱ्हा आहे’ हे मच्छीमाराचे म्हणणेही शब्दशः लिहून घ्यावे, आणि दर वर्षी तो कागद पुन्हा वाचावा.

आणि वर्तमानपत्रातल्या त्या ओळीतून ‘कोणास काही एक न सांगता’ हे शब्द काढून टाकावेत. त्यांच्या जागी एवढेच लिहावे: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी याला शेवटचे पाहिले गेले, त्यानंतर काय झाले याची चौकशी चालू आहे. हे वाक्य लिहिले की दुसऱ्या भागाची जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागेल.